अनुभव धागा : सेंट लुशिया, हॉटेलच्या फाटकाबाहेर

कॅरिबियनमध्ये, मार्टिनिक आणि सेंट व्हिन्सेंट या बेटांच्या मधोमध जेमतेम ४३ किलोमीटर लांबीचं एक बेट आहे, सेंट लुशिया. १९७९ पासून स्वतंत्र देश. जाहिरातींत दोन सुळके, निळं पाणी आणि मधुचंद्राची जोडपी दिसतात. ते सगळं आहेच, पण त्यासाठी धागा काढायची गरज नव्हती. जाऊन आलेल्यांनी फाटकाबाहेरचं लिहा: रस्ते, खाणं, माणसं, खर्च.

सुरुवात मीच करते. मोठी विमानं उतरतात ती दक्षिण टोकाला, व्यू फोरजवळच्या हेवनोरा विमानतळावर, आणि बहुतेक हॉटेलं उत्तरेला. अंतर नकाशावर किरकोळ वाटतं, पण रस्ता घाटाचा. दीड तास धरून चाला. गाडी लागणारं कुणी बरोबर असेल तर गोळी विमानातच द्या. आणि अमेरिकेमार्गे जाणार असाल तर ट्रान्झिट व्हिसाचं आधी बघा.

रानवाट
आम्ही टॅक्सी टाळून मिनीबसनेच फिरलो. हिरव्या नंबरप्लेटवर ‘एम’ असेल तर ती बस. वेळापत्रक नाही, भरली की सुटते. चढताना सगळ्यांना उद्देशून ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची पद्धत आहे. न बोलता बसलात तर कुणी काही म्हणणार नाही, पण बसमध्ये जरा गार वाटेल. आत आपसांत बोलणं क्वेयोलमध्ये (फ्रेंचवरून आलेली इथली बोली), तुमच्याशी इंग्रजीत. रोख पूर्व कॅरिबियन डॉलर जवळ ठेवा. अमेरिकी डॉलरला २.७० हा दर ठरलेलाच आहे, घासाघिशीचा प्रश्न नाही.

ग्रो पिटन, म्हणजे जाहिरातीतल्या दोन सुळक्यांपैकी थोरला, चढायचा तर पायथ्याच्या फाँ जाँ लिब्र गावातून गाइड घेऊनच. नावाचा अर्थ मुक्त माणसांची दरी. गुलामगिरीतून सुटलेल्यांनी इथल्या जंगलात आसरा घेतला होता. वाट चांगली आहे, पण शेवटचा टप्पा गुडघ्यांचा हिशोब करतो. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना उंचीचं काही वाटणार नाही. दमट हवेचं मात्र वाटेल.

ताकभात
रानवाट, सासूबाई बरोबर असत्या तर बसचं इतकं कौतुक केलं नसतंत! आम्ही दिवसभराची गाडी ठरवली आणि सुफ्रियेरच्या गरम झऱ्यांवर गेलो. गाडी जवळजवळ ज्वालामुखीच्या दारापर्यंत जाते. सडक्या अंड्याचा वास, राखाडी चिखल अंगाला फासायचा, वाळू द्यायचा, मग गरम पाण्यात उतरायचं. उकळती विवरं मात्र कठड्याआडूनच बघायची. सासूबाई म्हणाल्या, ‘गणेशपुरीला हेच फुकट होतं.’ चांदीचे दागिने काढून ठेवा, काळे पडतात.

शाकाहाऱ्यांनो, घाबरू नका, पण पर्याय कमी. राष्ट्रीय पदार्थ म्हणजे कच्ची केळी आणि खारवलेला मासा. मी नुसती केळी मागितली, तर बाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. सकाळचा कोको टी मात्र चुकवू नका: कोकोची कांडी किसून दूध, दालचिनी, जायफळ घालून उकळलेला. वर तूपकट तवंग येतो तो काढायचा नाही.

शिळोप्याची
मला आठवतो तो नीरफणस. कोकणात आपण काप करतो. इथे रस्त्याकडेला अख्खा फणस निखाऱ्यावर ठेवतात आणि साल काळी ठिक्कर पडेपर्यंत फिरवत राहतात. देठातून वाफ निघायला लागली की झाला. मग सुरीने जळकी साल तासायची, मधला दांडा काढायचा, आणि आत पिवळसर, पिठूळ, धुराचा वास लागलेला गर. लोणी आणि मीठ, बास. हे झाड इथलं नाही. १७९३ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन ब्लायने ताहितीहून रोपं कॅरिबियनमध्ये आणली, मळेवाल्यांना गुलामांचं पोट स्वस्तात भरायचं होतं म्हणून. आता प्रत्येकाच्या परसात आहे.

राजधानी कॅस्ट्रीजच्या बाजारात एक मसालेवाली दिसायला आपल्याकडची. ‘माझ्या आजीचे आजोबा जहाजाने आले,’ एवढंच तिला माहीत. १८५९ पासून उसाच्या मळ्यांसाठी इथे हिंदुस्थानी मजूर आणले गेले, बहुतेक उत्तरेकडचे. तिची भाषा क्वेयोल, धर्म ख्रिस्ती. रोटी मात्र अजून करते. मी मराठीत मोजून पैसे दिले तर हसली.

गुगली
तुम्ही फणस बघितलात, मी रोहितची बॅटिंग बघितली. २४ जून २०२४, उत्तरेकडच्या ग्रो आयले गावचं मैदान, टी-२० विश्वचषक, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. न्यू जर्सीहून खास गेलो. सकाळी साडेदहाची मॅच, कोहली शून्यावर, आणि मग रोहितच्या ४१ चेंडूंत ९२. स्टार्कच्या एका षटकात २९! शेजारी बसलेले स्थानिक काका प्रत्येक षटकाराला माझ्याआधी उठत होते. मैदान डॅरेन सॅमीच्या नावाचं, वेस्ट इंडीजचा तेव्हाचा कर्णधार आणि इथलाच. २०१६ चा टी-२० विश्वचषक जिंकल्यावर त्याच्या हयातीतच हे नाव दिलं. काकांनी ते मला तीनदा तरी सांगितलं. शुक्रवारी रात्री त्याच गावात रस्त्यावर जत्रा भरते: भाजलेले मासे, रम, आणि भिंतीएवढे स्पीकर. झोपाळू मंडळींनी मुक्काम लांब ठेवावा.

खारेवारे
थोडी तक्रार. महाग आहे. बरंचसं आयात होऊन येतं, आणि मेनूवरच्या दरावर कर आणि सर्व्हिस चार्ज चढतो. किनारे सगळे सार्वजनिक आहेत, तरी एका हॉटेलच्या पहारेकऱ्याने आम्हाला हटकलं. शांतपणे ‘बीच पब्लिक आहे ना?’ म्हटल्यावर सोडलं. किनाऱ्यावर ज्या झाडाच्या बुंध्याला लाल पट्टा असेल त्याखाली पावसात उभं राहू नका. ते मँचिनीलचं विषारी झाड, त्याचा चीक पाण्याबरोबर अंगावर आला तरी फोड येतात.

पहिल्यांदाच
फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन जायचंय. हवा कशी असेल?

ताकभात
कोरडी, छान. वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर. फक्त २२ तारखेला स्वातंत्र्यदिन असतो, दुकानं बंद. आदल्या दिवशीच बाजार करून ठेवा, आणि आईंसाठी घरचं मेतकूट न्या.