ऑबर्नने अलाबामाशी झुंजणं सोडावं का?

रानजाई: 'निवांत' यांनी काल लिहिलं की अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये ऑबर्न विद्यापीठाने त्याच राज्यातल्या अलाबामा विद्यापीठाची बरोबरी करायचा हट्ट सोडावा, वर्षाला आठ सामने जिंकून समाधान मानावं. वाचून डोकंच फिरलं. साबान १७ मोसम अलाबामाचा प्रशिक्षक होता, सहा राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. त्याच्या त्या भरात ऑबर्नने त्याला पाच वेळा पाडलं! २०१० मध्ये टस्कलूसात, म्हणजे अलाबामाच्या घरच्या मैदानावर, ०-२४ अशा पिछाडीवरून आमच्या न्यूटनने २८-२७ ने सामना काढला, पुढे विजेतेपदही आणलं. २०१३ ला मी ऑबर्नलाच एम.एस. करत होते. २८-२८, घड्याळात एक सेकंद, अलाबामाची ५७ यार्डांची किक तोकडी पडली. आमच्या ख्रिस डेव्हिसने ती मैदानाच्या टोकाला, एंड झोनमध्ये, झेलली आणि डाव्या कडेने जो सुटला तो सुटलाच, थेट दुसऱ्या टोकाला जाऊन सामना जिंकला. माझ्या शेजारच्या नांदेडच्या मुलीला क्रिकेटपलीकडे काही कळत नव्हतं, पण ओरडून ओरडून तिचा घसा बसला. हे सोडून द्यायचं?

निवांत: आठवणींवर किती दिवस काढणार? २०२० ते २०२५, सलग सहा पराभव. २०२३ ला अलाबामाचा चौथा डाउन म्हणजे शेवटचा प्रयत्न, ३१ यार्ड जायचे होते, मैदान तुमचं, आणि चेंडू फेकणाऱ्या मिलरोवर धावून जायला दोनच गडी! त्याला निवांत उभं राहू दिलंत, त्यांच्या बाँडने चेंडू झेलला, २७-२४ ने हरलात.

रानजाई: त्या डावपेचाचं समर्थन मी करणार नाही. पण तो सामना शेवटची ३२ सेकंद उरेपर्यंत आम्ही जिंकत होतो, हेही लिहा की.

हिशेबनीस: खेळाचं राहू द्या, पैशाचं बोला. ऑबर्नचा प्रशिक्षक मालझानने साबानला तीनदा हरवलं, तरी २०२० मध्ये त्याला काढायला २.१४ कोटी डॉलर मोजले. पुढचा प्रशिक्षक हार्सिनला दोन मोसमही पुरे करू दिले नाहीत, दीड कोटीच्या वर दिले. २०२५ ला त्याच्यानंतरच्या फ्रीझलाही नारळ. मी दक्षिणेतल्याच एका विद्यापीठात टीए, म्हणजे शिकवणी सहायक, होतो. आमच्या लॅबचं विषारी वाफा ओढून घेणारं फ्यूम हूड वर्षभर बंद, दुरुस्तीला पैसे नाहीत, आणि खिडकीतून स्टेडियमचा नवाकोरा स्क्रीन दिसायचा. ॲसिडचा वास आजही नाकातून जात नाही.

वॉर_ईगल_पुणेकर: तिजोऱ्या वेगळ्या असतात हो! तो पैसा टीव्हीचा, तिकिटांचा, देणगीदारांचा. तुमच्या हूडसाठी कोणी चेक फाडणार होतं का?

हिशेबनीस: नव्हतं, तेच तर दुखणं आहे! देणगीदार एकच, गावही तेच. माणसाला घरी बसवायला कोट्यवधी निघतात आणि पोरांच्या फुप्फुसांसाठी काही नाही. तिजोऱ्यांचं कौतुक मला सांगू नका.

वॉर_ईगल_पुणेकर: मग फुटबॉल बंद करा आणि उद्या त्या गावात हॉटेलं कोण भरतं ते बघा. तुमचा राग तुमच्या विद्यापीठावर आहे, ऑबर्नवर काढू नका.

रानजाई: भांडू नका, पण हिशेबनीसांचा अर्धा मुद्दा खरा आहे. अलाबामा जिंकली की घाबरायचं, प्रशिक्षक बदलायचा, पुन्हा पहिल्यापासून खेळाडूंची भरती. दुबळेपणा इथे आहे. आता नवा प्रशिक्षक गोलेश आलाय, त्याला चार वर्षं हात लावू नका.

निवांत: बरं, हे पटलं. एवढंच. १९८९ पर्यंत अलाबामा ऑबर्नच्या मैदानावर यायलाच तयार नव्हती आणि आली तेव्हा ३०-२० ने हरली, हेही मान्य. पण टस्कलूसात तुम्ही २०१० नंतर जिंकलेला नाहीत. तिथे जिंका, मग मी माझं मत मागे घेतो.