कारखाने गेले, आयटी आली. मग रडायचं कशाला?

घणसोलीकर (मूळ पोस्ट): नवी मुंबईच्या ठाणे-बेलापूर रोडवरचे कारखाने बंद पडले म्हणून गळे काढणं आता पुरे. आधी शेती, मग कारखाना, मग सेवा, जगाचा रस्ता हाच आहे. चिमणी गेली, काचेची इमारत आली. वाईट काय झालं?

वागळे_इस्टेट: जगाचा रस्ता म्हणे! ब्रिटन, जर्मनी, कोरिया आधी भरपूर माणसं कारखान्यात घेऊन मग सेवेकडे वळले. आपल्याकडे 2023-24 ला शेतीवर 46 टक्के माणसं आणि कारखानदारीत जेमतेम साडेअकरा. मधली पायरी चढलोच नाही, उडी मारली. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक यांनी 2015 मध्येच याला अकाली निरुद्योगीकरण म्हटलंय. आयटीआयला दोन वर्षांचा टर्नर ट्रेड केलेल्या पोराला लेथ मशीनवर काम मिळायचं. ऐरोलीच्या आयटी पार्कात त्याला काय मिळणार, गेटवरची खुर्ची?

घणसोलीकर: 2023-24 ची सेवा निर्यात 341 अब्ज डॉलर. तेलाचं बिल तुमचा लेथ भरतो का? आणि कारखाने आयटीने नाही घालवले. जमिनीचा भाव, पालिकेचा सेस, शेजारी उभ्या राहिलेल्या सोसायट्यांच्या तक्रारी, वर तेव्हा शंभर कामगार झाले की बंद करायलाही सरकारची परवानगी लागायची. मालकाने जमीन विकली, हिशेब सोपा होता.

वागळे_इस्टेट: आणि आयटीला जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकाम, वर वीज औद्योगिक दराने. नावाला उद्योग, आत नुसती ऑफिसं. तो हिशेब कोणी सोपा केला?

महापे_डीजी: काचेच्या इमारतीचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा डेटा सेंटरच्या तळघरात उतरावं. 10 मेगावॉटचे सर्व्हर असतील तर कूलिंग आणि गळती धरून मीटरवर 15 जातात. वीज गेली की बॅटरीवरचा यूपीएस तत्क्षणी लोड उचलतो, डीजी म्हणजे डिझेल जनरेटर 10-15 सेकंदांत सुरू होऊन भार घेतो. हे कागदावर. बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, एक सेल ओपन झाला की अख्खी ओळ बाद. डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी साचतं, ते वेळेवर काढलं नाही तर फिल्टर चोक. सर्वांत मोठा गाढवपणा म्हणजे दर महिन्याला डीजी रिकामा फिरवायचा आणि 'टेस्ट ओके' लिहायचं. क्षमतेच्या तीस टक्क्यांखाली चालवत राहिलं की न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये साचतं, काजळी धरते. लोड बँक, म्हणजे डीजीला खोटा भार देणारं यंत्र, लावा नाहीतर खऱ्या भारावर टेस्ट घ्या. हे काम फिटर-इलेक्ट्रिशियनचं. याला 'ज्ञान अर्थव्यवस्था' म्हणायचं का?

घणसोलीकर: विषय काय, तुम्ही सांगताय काय!

महापे_डीजी: विषय तोच. 15 मेगावॉट खाणाऱ्या जागेत एका शिफ्टला माणसं किती, मोजून बघा. तेवढ्या विजेवर केमिकल प्लांट किती घरं चालवायचा?

कळवा_नाका: आणि जो दूषित वायू कळव्यापर्यंत यायचा त्याचं काय? त्या घरांतली पोरंच खोकायची. उगाच चिमणीची आरती करू नका.

तुर्भे_स्टोअर: दोघंही आकड्यांवर भांडताय आणि आकडाच फसवा आहे. कॅन्टीनवाला, वॉचमन, मेंटेनन्सचा फिटर कंपनीच्या मस्टरवर होते तोवर उद्योगात मोजले. ठेकेदाराकडे गेले की सेवेत. माणूस तोच, पगार कमी, देश मात्र 'पुढे गेला'. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवतींनी 1984 मध्येच हे मांडलं होतं.

घणसोलीकर: फिटरच्या बाबतीत चुकलात. मशीन दुरुस्तीचा ठेकेदार असेल तर तो आजही उत्पादनातच मोजतात, सरकारी उद्योग वर्गीकरणाचा, एनआयसी 2008 चा, विभाग 33 बघा. माणूस लेबर काँट्रॅक्टरने पुरवला तरच सेवेत.

तुर्भे_स्टोअर: बरं, फिटर तुमचा. वॉचमन आणि कॅन्टीनवाला माझे.

घणसोलीकर: ठेवा. पण निर्यातीचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

वागळे_इस्टेट: निर्यात मान्य, साहेब, पेढे वाटा. आता त्या 46 टक्क्यांतली किती माणसं ऐरोलीत कोडिंगला बसवताय तेवढं सांगा.

महापे_डीजी: आणि लोड बँकचं भाडं कोण देणार, तेही.