सांगलीत हिशोबाच्या कामासाठी टिकाऊ कॉम्प्युटर कुठला घेऊ? सल्ला हवाय

विश्रामबागवाली

नमस्कार मंडळी, मी घरूनच मार्केट यार्डातल्या चार-पाच हळदीच्या अडत दुकानांचे हिशोब बघते, टॅली आणि जीएसटीचं रिटर्न, बाकी काही नाही. लॅपटॉप २०१८ ला घेतलेला, आय३, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. सकाळी चालू केला की टॅली उघडायला दहा मिनिटं जातात, डावी बिजागरी निखळलीय, दुकानात तीनदा दिला तर तिन्ही वेळा फॉरमॅट मारून परत, आणि बिजागरीला एमसील थापून दिलंय. ते पण आता सुटलं. या ११ तारखेला जीएसटीआर-१ भरताना संध्याकाळी बंदच पडला, मग मिरजेला भावाकडे जाऊन रात्री भरलं. २० च्या आत जीएसटीआर-३बी, म्हणजे पुढचं रिटर्न भरायचंय, पोटात गोळा आलाय. बजेट ३० हजार. पाच-सात वर्षं बघायला लागू नये असं सांगा काहीतरी.

कृष्णाकाठ

ताई, नवीन घेण्याआधी एक विचारतो, प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे? स्लो होण्याचं निम्मं कारण ती हार्ड डिस्क असते, त्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली आणि रॅम ८ केली की बराच फरक पडतो.

विश्रामबागवाली

स्टिकरवर ७ वी लिहिलंय.

कृष्णाकाठ

मग नका खर्च करू त्याच्यावर. विंडोज ११ ला इंटेलचा ८ व्या पिढीपासून पुढचा लागतो, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, लोकांचे हिशोब आणि बँकेचं लॉगिन असलेल्या मशीनवर ते बरं नाही.

रिपेअरवाला_मिरज

मी हेच काम करतो म्हणून सांगतो. स्वस्तातल्या लॅपटॉपची बिजागरी ज्या पितळी नटावर बसते तो नट नुसता प्लॅस्टिकमध्ये गरम करून दाबलेला असतो, बिजागरी जाम झाली की नटासकट प्लॅस्टिक उपटून येतं, एमसील टिकणारच नाही. ३० हजारात नवीन घ्याल तर परत तसलाच मिळेल. त्यापेक्षा ऑफिसमधून निघालेले जुने लॅपटॉप घ्या, लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५, हे २०१८ चे आहेत पण बांधणी दणकट, रॅम स्लॉटमध्ये बसते, एसएसडी बदलता येते, टी४८० ची मागची बॅटरी तर दोन खटके सरकवले की हातात येते. मशीन जुनं की नवं यापेक्षा पाच वर्षांनी उघडून पार्ट बदलता येईल का ते बघा, ज्यात रॅम बोर्डावरच सोल्डर केलीय ते घेऊ नका. आणि प्रोसेसरचा नंबर स्वतः वाचा, ८ व्या पिढीचा ८२५०यू किंवा ८३५०यू पाहिजे, ५४९० मध्ये ७ व्या पिढीचे पण येतात आणि बाहेरून ओळखू येत नाहीत. दुकानदाराला बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात, दुसरा पहिल्याच्या निम्मा असेल तर बॅटरी बदलून मागा. बिल आणि लेखी वॉरंटी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

गणपतीपेठकर

घरीच बसून काम असेल तर डेस्कटॉप का नको? पॉवर सप्लाय गेला तर तेवढाच बदलायचा, आमच्या दुकानातला असाच चाललाय. फक्त यूपीएस घ्या, लाईट गेली की टॅलीचा डेटा बिघडू शकतो. आणि सीपीयू जमिनीवर ठेवू नका. २०१९ च्या पुरात आमचा टेबलाखाली होता, पाणी चढलं तेव्हा आधी वह्या काढल्या आणि तो राहिला, आतली सगळी वर्षं गेली. तेव्हापासून रोज रात्री पेनड्राइव्हवर बॅकअप, आणि तो पेनड्राइव्ह घरी.

विश्रामबागवाली

दादा वाचून कसंतरीच झालं, माझा बॅकअप त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हला आहे! आत्ता पेनड्राइव्हवर घेतला, बाकीचं नंतर. यार्डात दुकानदारांकडे जाऊन पण बसावं लागतं त्यामुळे डेस्कटॉप जमणार नाही. डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन जुन्या चपट्या यूएसबीचं आहे, चालेल ना?

रिपेअरवाला_मिरज

चालेल, या तिन्हींना तो पोर्ट आहे. तरी टोकन सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा.

विश्रामबागवाली

बरं, उद्या भावाला घेऊन जाते. टी४८० च बघते पहिल्यांदा.