मिक्सरची ऊब कुठून येते
असं म्हणतात, की ॲनालॉग मिक्सरमधून (वेगवेगळे आवाज विजेच्या सर्किटांतून एकत्र करणारं यंत्र) आवाज नुसता नेला तरी ऊब, म्हणजे कानाला सुखावणारा भरीवपणा येतो. मला अर्धंच पटलं. मिक्सरच्या सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मर (लोखंडी गाभ्याभोवती तारेची वेटोळी) असेल आणि गेन, म्हणजे सिग्नलची पातळी, चढवला असेल तर गाभा सॅच्युरेट होऊन (चुंबकत्वाची मर्यादा गाठून) हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, मिसळतात, खर्ज भरीव वाटतो. बिनट्रान्सफॉर्मरच्या स्वस्त मिक्सरमधून बहुधा हिसच (सूं असा पार्श्वभूमीचा आवाज) पदरात पडतो!

बीटल्सचंच बघा. आधीची बहुतेक गाणी ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या व्हॉल्व्हवाल्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) रेड (REDD) मिक्सरवर, तर १९६९चा 'ॲबी रोड' हा अल्बम ट्रान्झिस्टरच्या टीजी१२३४५ या नव्या मिक्सरवर. इंजिनिअर जेफ एमरिकला नव्यावर ड्रम-गिटारचा दणका कमी, आवाज मऊ वाटला. स्टुडिओ बहुतांशी तोच, वाजवणारे तेच. अर्थात तोवर टेपही ४ ऐवजी ८ ट्रॅकची (एकाच वेळी वेगळे ठेवता येणारे ८ आवाज) झाली होती, तेव्हा सगळं मिक्सरच्या खात्यावर मांडायला मी तयार नाही.