पपईची शेंड्याची पाने दोरीसारखी झाली आहेत: विषाणू की आणखी काही?

प्रश्न (बागायतदार, तालुका दौंड):
आमच्याकडे तैवान ७८६ पपईची बाग असून ती अजून फुलावर आलेली नाही. काही झाडांची शेंड्याची पाने अरुंद व ताणल्यासारखी झाली आहेत, तर काहींवर पिवळे-हिरवे चट्टे आहेत. दुकानदाराच्या सांगण्यावरून बुरशीनाशक आणि आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारे) कीटकनाशक फवारले, पण फरक पडला नाही. पानांखाली मावा (रस शोषणारी बारीक कीड) कधीच दिसला नाही, तरी याला व्हायरस म्हणावे का? औषध कोणते घ्यावे?

उत्तर (वनस्पती रोगशास्त्राचा विद्यार्थी, शिवाजीनगर, पुणे):
वर्णनावरून रिंग स्पॉट या माव्यामार्फत पसरणाऱ्या पपईवरील विषाणूची शंका येते. मावा न दिसणे हे त्याच्या विरुद्धचे लक्षण नाही, कारण मावा पपईवर सहसा वस्ती करत नाही. आसपासच्या पिकांतून व तणांतून उडत आलेला पंखधारी मावा पानात सोंड खुपसून पाहतो आणि पुढच्या झाडावर जातो. विषाणू पसरण्यास एवढे काही सेकंद पुरतात, म्हणजे कीटकनाशकाने मावा मरण्याआधीच त्याचे काम झालेले असते. बुरशीनाशकाचा तर येथे काहीच संबंध नाही. लागण झालेले झाड बरे करणारे औषध उपलब्ध नाही, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. देठावर आणि खोडाच्या कोवळ्या भागावर तेलकट, गडद हिरव्या रेषा आहेत का, हे कृपया पाहावे.

उत्तर (पपई उत्पादक, इंदापूर):
बांधाला ऊस आहे का? उसातील रुंद पानांच्या तणांसाठी मारलेले २,४-डी तणनाशक वाऱ्याने पपईवर आले तरी पाने अशीच दोरीसारखी होतात, आणि तशी झाडे विषाणूग्रस्त समजून उपटली जातात. अशा झाडांवर चट्टे किंवा तेलकट रेषा नसतात, आणि इजा सौम्य असेल तर पुढची पाने हळूहळू नीट येऊ लागतात.

प्रश्नकर्ता:
पश्चिमेच्या बांधाला ऊस आहे आणि तेथे तणनाशक मारले होते, हे आज विचारल्यावर कळले. त्या बाजूच्या ओळींत रेषा नाहीत. बागेच्या मधल्या भागातील थोड्या झाडांवर मात्र चट्टे आणि देठावर रेषा, दोन्ही आहेत. मधल्या पट्ट्यात आंतरपीक म्हणून काकडी आहे.

उत्तर (विद्यार्थी, शिवाजीनगर):
म्हणजे आपल्या बागेत दोन्ही प्रकार असावेत. रेषा असलेली झाडे मुळासकट काढून पुरावीत. फळे लागेपर्यंत थांबण्याचा मोह होतो, पण तेवढ्या काळात तीच झाडे शेजारच्या झाडांना विषाणू पुरवत राहतात. बांधाकडील झाडांना खूण करून नवीन पाने कशी येतात ते पाहावे, ती उपटू नयेत. काकडी काढून टाकावी, कारण काकडी, भोपळा आणि कलिंगड यांवरही हा विषाणू राहू शकतो. पुढील लागवडीची रोपे कीटकरोधक जाळीतील घ्यावीत आणि पपई लावण्याआधी कडेने मक्याच्या दाट ओळी उभ्या कराव्यात. मावा आधी मक्यात सोंड खुपसतो, त्यामुळे सोंडेवरील विषाणू बराचसा तेथेच पुसला जातो.

हवाईमध्ये १९९८ पासून लावली जाणारी प्रतिकारक पपई जनुकीय बदल केलेली आहे आणि तिच्या लागवडीला भारतात परवानगी नाही, त्यामुळे त्या नावाने कोणी रोपे विकत असल्यास घेऊ नयेत. खात्रीसाठी रेषा असलेल्या देठासह ताजी पाने पुणे कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवावीत. बांधाकडील पानांचा नमुना वेगळ्या पिशवीत न्यावा आणि जवळ तणनाशक मारल्याचे तेथे आवर्जून सांगावे.