फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला औषध द्यावे का? सल्ला हवा

ओसरी:
आमचा गावठी कुत्रा पहिला सुतळी बॉम्ब वाजला की कमोडमागे शिरतो. लाळ गळते, थरथरतो, अन्नाला तोंड लावत नाही. मागच्या दिवाळीत अ‍ॅसेप्रोमॅझिनची गोळी दिली होती. अंगात त्राण उरले नाही, पण डोळे टक्क उघडे आणि दचकणे चालूच. घरचे म्हणतात, कुत्र्याला कसली मनाची औषधे? मला त्याचे हाल बघवत नाहीत.

पाऊलवाट:
अ‍ॅसेप्रोमॅझिन अंग ढिले करते, भीती घालवत नाही. काही कुत्र्यांना तर त्याने आवाज जास्तच टोचतो. म्हणजे बिचारा घाबरलेलाच, फक्त पळता येत नाही. एकटी ती गोळी पुन्हा नको, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन, अल्प्राझोलाम या भीती कमी करणाऱ्या औषधांबद्दल विचारा. साधारण तास-दोन तास आधी पोटात जायला हवे, थरथर सुरू झाल्यावर दिलेले फारसे लागू पडत नाही. डोस डॉक्टरच ठरवतील, पण आधी एखाद्या शांत रविवारी देऊन बघा. अल्प्राझोलामने एखादा कुत्रा उलट चेकाळतो, ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कळायला नको.

आणि घरच्यांना सांगा, एकटे राहिल्यावर सैरभैर होणाऱ्या कुत्र्यांसाठी अमेरिकेत मनाच्याच औषधांना, क्लोमिप्रामिनला १९९८ साली आणि फ्लुओक्सेटिनला २००७ साली, रीतसर मान्यता मिळाली आहे. ही दोन्ही रोज घ्यायची, गुण यायला महिना-दीड महिना लागतो आणि एकदम बंद करायची नसतात. सोबत आवाजाची किंवा एकटे राहण्याची सवय लावण्याचे काम करावेच लागते.

मनीचे घर:
आमचा बोका पलंगावर लघवी करतो. त्याला फ्लुओक्सेटिन चालेल? मेडिकलमधून आणू का?

पाऊलवाट:
नको, आधी लघवी तपासून घ्या. खडे किंवा मूत्राशयाची सूज असेल तर मनाच्या औषधाने काय होणार? जोर करूनही थेंबच येत असतील तर आजच्या आज दवाखाना गाठा. बोक्याची लघवी तुंबली की एक-दोन दिवसांत जिवावर बेतते.

ओसरी:
खूप आभार. एक राहिले, गोचिडांसाठी त्याला अमित्राझच्या पाण्याने धुतो. चालेल ना?

पाऊलवाट:
बरे झाले विचारलेत! ट्रॅझोडोन, फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन यांपैकी काहीही चालू असताना अमित्राझ नको, दोन्ही मिळून विषबाधेसारखा त्रास होऊ शकतो. शेवटचे कधी धुतले, तेही डॉक्टरांना सांगा. गोचिडांवर फ्लुरालानेरची गोळी मिळते. फक्त त्याला कधी झटके आले असतील तर तीही विचारल्याशिवाय देऊ नका.