क्रूझवर जादा पैसे भरून अपग्रेड घ्यावं काय?

राजारामपुरीकर:
मंडळी, दिवाळीत आईबाबांना घेऊन सिंगापूरहून क्रूझ बुक केलीय, आता रोज ईमेल यायल्यात, बाल्कनीवाल्या खोलीसाठी जादा किती देणार त्याची बोली लावा, ड्रिंक्स पॅकेज घ्या, वायफाय घ्या, तिकीट भरल्यावर परत हे कशाला? कुणी घेतलंय काय, वसूल होतंय काय?

पेठेतला गडी:
भावा, बाल्कनी घेणार असशील तर सरळ बुक कर, बोली नको. बोलीचा आकडा बहुतेक माणशी असतोय, खोलीमागं नाही, आणि खोली कुठली ते कंपनी ठरवणार, पार पुढच्या टोकाला दिली तर आईबाबांना बोट लागायची. मधली, खालच्या डेकवरची कमी हलते.

शाहूपुरी_सून:
ड्रिंक्स पॅकेज नीट वाचा!! बऱ्याच बोटींवर एकानं घेतलं की त्या खोलीतल्या सगळ्या मोठ्यांना घ्यावं लागतं, वर 18-20 टक्के सर्व्हिस चार्ज. आमचे सासरे माळकरी, त्यांच्या नावावर दारूचं पॅकेज, सासूबाई अजून ऐकवतात 😄

बिनसाखरेचा:
खरी लक्झरी म्हणजे रीजंट, सिल्व्हरसी असल्या महागड्या क्रूझ कंपन्या, तिथं दारू, टिप, वायफाय तिकिटातच. तिकीट बघून घाम फुटतोय ते सोडा. पण आपल्याकडं ताटाबरोबर तांबडा-पांढरा येतोयच की, रश्श्याचं वेगळं बिल लावलं तर हॉटेलवाल्याला सोडतोय व्हय आपण?

राजारामपुरीकर:
बोली कॅन्सल. बाबा विचारायल्यात, चहा तरी फुकट हाय का?

पेठेतला गडी:
बुफेतला फुकट. कॅफेत बसला की कार्ड मागतील.